कुत्री सोडून केलेली शिकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्वारी निघाली, कडबा बांधून झाला की आमच्याकडचं रान मोकळं होतं. माण-खटावपासून सांगोला-मंगळवेढ्यापर्यंत सगळा माळ उघडा पडतो. मग रविवारी सकाळी पिकअप येतात. हौद्यात ग्रेहाउंड, कारवान, एखादं पश्मी अशी शिकारी कुत्री, आणि बरोबर आठ-दहा पोरं. दुपारपर्यंत ससा, खोकड, कधी रानडुक्कर. संध्याकाळी त्याचा व्हिडिओ मागे गाणं लावून सगळ्यांच्या मोबाईलवर आलेला असतो.

गेली काही वर्षं मी वनरक्षकांबरोबर जखमी जनावरं उचलायला जातो आणि शाळेत, तालमीत, पारावर याबद्दल बोलतो. तिथे तेच ते प्रश्न येतात. काही कळकळीने विचारलेले, बरेचसे चिडून. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान लिहिलं आहे.

वाघ-बिबट्याला बंदी आहे हे ठाऊक आहे. ससा, डुक्कर मारायला काय हरकत?

बंदी दोन्हींना आहे. फरक फक्त शिक्षेत आहे.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. सुरुवातीला काही जनावरांसाठी शिकारीचे परवाने मिळत. घरातली जुनी माणसं ‘आमच्या वेळी लायसन मिळायचं’ म्हणतात ते खोटं नाही. १९९१ च्या दुरुस्तीने ते परवाने बंद झाले. तेव्हापासून खेळ किंवा छंद म्हणून रानातल्या जनावराची शिकार करायची वाट आपल्या देशात उरलेली नाही.

२०२२ मध्ये कायदा पुन्हा बदलला आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. अनुसूची म्हणजे कायद्याला जोडलेल्या याद्या; त्या सहाच्या चार झाल्या. ससा आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चिंकारा, काळवीट, लांडगा, घोरपड, मोर पहिल्या अनुसूचीत आहेत. तिथे कैद किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७, आणि दंड २५ हजारांच्या खाली नाही. अभयारण्याच्या हद्दीत शिकार केली तर ससा असला तरी हीच मोठी शिक्षा लागते.

आणि सोडलेलं कुत्रं अनुसूची बघून धावत नाही. सशावर सोडलं आणि पुढून चिंकाऱ्याचं पाडस उठलं, तर माघारी बोलावून ते येत नाही. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या आसपास, किंवा नान्नजच्या माळावर, हे सहज होऊ शकतं.

आम्ही मारत नाही, फक्त कुत्री पळवतो. ससा निसटला तर गुन्हा कसला?

कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या मारण्यापुरती नाही. जनावराला पकडणं, त्याच्या मागे कुत्री लावून पाठलाग करणं, फास लावणं, सापळा रचणं, हाका घालून हुसकावणं, आमिष दाखवणं, हे सगळं शिकारच आहे. यातलं काही करायचा प्रयत्न केला तरी शिकार. ससा निसटला म्हणून गुन्हा निसटत नाही.

‘कुत्र्याने धरलं, मी नाही’ हेही मी खूपदा ऐकलं आहे. पट्टा कोणी सोडला, एवढाच प्रश्न तिथे उरतो.

पण त्यात क्रूरता ती काय? रानात लांडगाही सशाला धरतोच.

याचं उत्तर मला लांबून देता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एका शेतकऱ्याचा फोन आला. मी पोचलो तेव्हा पिकअप निघून गेली होती. ज्वारीच्या धसकटांत ससा पडला होता, जिवंत. मागचे दोन्ही पाय लुळे. कंबरेतून मणका मोडलेला, एका बाजूची कातडी सोलून निघालेली, कारण दोन कुत्र्यांनी दोन बाजूंनी ओढला होता. मी टॉवेलमध्ये घेतला तेव्हा ओरडला. ससा एरवी आवाज करत नाही. असा धरला गेला की ओरडतो, आणि तो आवाज थेट तान्ह्या मुलासारखा असतो. तळहाताखाली त्याचं काळीज इतकं जोरात चालत होतं की ठोके वेगळे लागत नव्हते. गाडीपर्यंत नेईतो हातातच गेला. मादी होती. आचळांना दूध होतं. म्हणजे जवळपास कुठेतरी गवतात पिल्लं होती. आपल्याकडचा ससा बीळ करत नाही. पिल्लं उघड्यावरच दडवून ठेवतो आणि स्वतःही उघड्यावरच दबून बसतो. त्यामुळे पळणं आणि गिरकी घेणं एवढंच त्याच्याकडे आहे. नेमकं तेवढंच हिरावून घ्यायला जोडीने कुत्री सोडतात.

रानडुकराचं याहून वाईट. चार-पाच कुत्री कान, मागचे पाय आणि वृषणं धरतात. डुक्कर झुडपाला पाठ लावून बसतं. माणसं कोयते, भाले घेऊन भोवती उभी असतात आणि थांबतात. एका पोराला मी विचारलं, लगेच का मारत नाही? तो सहज म्हणाला, ‘लगेच मारलं तर व्हिडिओ होत नाही.’ मुलगा वाईट नाही. आईला शेतात मदत करतो, वारीला जातो. त्याला कोणी त्या क्षणी ‘थांबू नको’ एवढंही सांगितलेलं नव्हतं.

लांडगा भुकेपोटी धरतो आणि जमेल तेवढ्या लवकर खायला लागतो. त्याच्या शिकारीला प्रेक्षक नसतात.

निसटलेल्या जनावराचंही खरं सांगतो. जिवाच्या आकांताने खूप वेळ पळालेल्या जनावराचे स्नायू आतून फाटतात, त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं निकामी होतात. हरणांमध्ये हे पशुवैद्यांना चांगलं माहीत आहे. वरून एक ओरखडा नसलेलं हरीण तासांनी किंवा दोन-चार दिवसांनीही मरतं. व्हिडिओत ते ‘वाचलेलं’ असतं.

तुम्ही बोकडाचं मटण खाता ना? मग?

खातो. आखाडात आमच्याही घरी बोकड पडतो, त्यामुळे हा प्रश्न मला टाळता येत नाही. बोकडाला आधी अर्धा तास कुत्र्यांपुढे पळवत नाहीत. सुरी धारेची असावी, जनावराला उगाच धडपडू देऊ नये, हे खाटीक सांगतो आणि न पाळणाऱ्याला गावात नावं ठेवतात. जीव घेतानाही काही रीत पाळायची असते हे आपल्याला माहीत आहे. शिकारीच्या खेळात ती रीत उलटी केली जाते, जितका वेळ लागेल तितकी मजा. माझा विरोध तिथे आहे. ज्यांना मांस खाणंच चुकीचं वाटतं त्यांचा वाद वेगळा आहे आणि तो त्यांनी जरूर करावा.

कुत्र्याला तर हे मनापासून आवडतं. त्याचा स्वभावच आहे.

धावायला आवडतं, यात शंका नाही. कारवान ही आपल्या दख्खनची जात त्यासाठीच जोपासलेली आहे. पण डुकराच्या सुळ्याने पोट फाटलेलं कुत्रं मी पाहिलं आहे. आतडं आत ढकलून मालकाने घरच्या सुई-दोऱ्याने टाके घातले होते, कारण सरकारी दवाखान्यात नेलं तर ‘कसं लागलं’ विचारतील ही भीती. ते तीन दिवस जगलं. पाय मोडलेली, वेग कमी झालेली कुत्री हायवेच्या कडेला सोडून दिलेली सापडतात. हाडं दिसणारं, गळ्यात महागडा पट्टा असलेलं उंच कुत्रं ढाब्यामागे दिसलं की समजायचं.

शिवाय रेबीज आणि डिस्टेंपर. हे रोग कुत्र्यांकडून खोकड-लांडग्यांकडे आणि तिकडून परत आपल्या अंगणात येतात. २०१८ मध्ये गीरचे सिंह डिस्टेंपरने मेले होते.

अशा क्रूरतेला वेगळी शिक्षा आहे का?

आहे, आणि इथेच सगळं अडतं.

प्राण्यांशी क्रूरपणे वागण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याच्या कलम ११ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की निव्वळ करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्याशी झुंजायला किंवा त्याला छळायला भडकावणं हा गुन्हा आहे. आपल्या रविवारच्या खेळाचं इतकं नेमकं वर्णन दुसऱ्या कुठल्या कलमात नाही. आता शिक्षा बघा. पहिल्या वेळी १० ते ५० रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर २५ ते १०० रुपये, किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे आकडे कित्येक वर्षांपूर्वी लिहिले गेले आणि आजही तेच आहेत. दोन-तीन वडापावांच्या पैशात प्रकरण मिटतं.

त्यात हे उपकलम अदखलपात्र आहे. १९६० च्या याच कायद्याने कलम ११ मधली मोजकी उपकलमं दखलपात्र केली. जनावरांच्या झुंजीसाठी जागा देणं, पिंजऱ्यातून सोडलेल्या प्राण्यांवर नेमबाजीच्या स्पर्धा भरवणं ही त्यांत आहेत. भडकावणारा त्यांत नाही. म्हणजे झुंजीला जागा देणाऱ्याला पोलीस वॉरंटशिवाय धरू शकतात, पण कुत्रं सोडणाऱ्याला या कलमाखाली नाही. वर तक्रारीची मुदत घटनेपासून ३ महिने. व्हिडिओ बऱ्याचदा पुढच्या हंगामात बाहेर येतो, तेव्हा मुदत गेलेली असते.

उरतो वन्यजीव कायदा. तो कडक आहे, मी वर लिहिलंच. पण तो कोणतं जनावर आणि कुठे मारलं एवढंच बघतो. एका गोळीत मेलेलं डुक्कर आणि पाऊण तास कुत्र्यांच्या तोंडात तडफडलेलं डुक्कर त्याच्या लेखी सारखंच. पंचनाम्यात वजन लिहितात, लिंग लिहितात, जखमा लिहितात. किती वेळ लागला यासाठी रकाना नाही.

डुकरं आमचं पीक खातात. वनखातं येत नाही. आम्ही करायचं काय?

हा प्रश्न विचारणाऱ्याशी माझं भांडण नाही. मक्याचं उभं रान एका रात्रीत लोळवलेलं मी पाहिलं आहे, भुईमुगाचे वाफे नांगरल्यासारखे उकरलेले पाहिले आहेत. ते पाहून ज्याचा संताप होत नाही त्याने शेती केलेली नसते.

कायद्याने यासाठी वाट ठेवली आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी, उभ्या पिकाला धोका असलेल्या दुसऱ्या अनुसूचीतल्या जनावराला मारायची लेखी परवानगी देऊ शकतो. तसं मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता असतं. मांस वाटून घेता येत नाही. नुकसान झालं तर पीक तसंच ठेवून लगेच वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या, वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक यांचा पंचनामा करून घ्या आणि अर्जाची पोच घ्या. जंगलालगतच्या गावांना श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौरकुंपणालाही मदत मिळते. भरपाई उशिरा येते, कमी येते, हेही खरं. त्यासाठी भांडायला मी तुमच्याबरोबर तहसीलवर येईन.

केरळने २०२२ मध्ये पंचायतींच्या प्रमुखांना पिकात येणाऱ्या रानडुकराला मारायची परवानगी देण्याचे अधिकार दिले. परवानाधारक बंदूकवाल्याकडूनच मारायचं, आणि विष, स्फोटकं, वीज चालणार नाही, अशा अटी घातल्या. ती व्यवस्था निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण शेतकऱ्याची अडचण आणि जनावराचे हाल हे दोन वेगळे विषय आहेत हे तिथल्या आदेशात दिसतं.

आता माझा एक प्रश्न. डुकरं मक्यात येतात पावसाळ्यात, रात्री दोनला. कुत्री घेऊन पिकअप येते रविवारी सकाळी, पीक निघाल्यावर. यात पीकरक्षण कुठे बसतं?

फासकी, गावठी बॉम्ब, करंट, यांचं काय?

कोकणात फासकी म्हणतात. मोटारसायकलच्या क्लचची किंवा ब्रेकची वायर घेऊन पायवाटेवर फास. लावलेला असतो डुकरासाठी, अडकतो बिबट्या. कंबरेला वायर रुतलेला बिबट्या झाडाभोवती फिरून फिरून माती उकरतो, आणि तोडायला जाणाऱ्या वनरक्षकाच्या जिवावरही बेततं. गावठी बॉम्ब म्हणजे पिठाच्या किंवा चरबीच्या गोळ्यात दारू. चावला की जबडा उडतो. मे २०२० मध्ये केरळच्या पालक्काडमध्ये डुकरांसाठी फळात भरलेल्या स्फोटकाने गाभण हत्तीण गेली, ती नदीत उभी असलेली छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. करंटने तर दरवर्षी माणसंही जातात. रात्री मोटर सुरू करायला निघालेला शेजारीच बहुधा.

वन्यजीव कायद्याच्या व्याख्येत फास आणि सापळा हे हत्यारच आहे. पण अभयारण्याबाहेर ते नुसतं जवळ बाळगणं हा गुन्हा नाही. वीस फासक्यांची जुडी पिशवीत घेऊन कोणी बाजारातून चाललं, तर वनरक्षकाला बघत बसावं लागतं.

शिकार ही आपली परंपरा आहे. शिमग्याची पारध आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

आहे, नाकारत नाही. कोकणात गावकरी मिळून रानात जायचे, हाकारे ठरलेले, मानाचा वाटा ठरलेला. कोल्हापूरच्या शिकारखान्यात तर आफ्रिकेतून आणलेले चित्ते होते. चित्तेवान त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून गाडीतून माळावर नेत आणि काळविटावर सोडत. दाजीपूरचं जंगल कोल्हापूरच्या छत्रपतींचं राखीव शिकारीचं रान होतं. तेच पुढे १९५८ मध्ये गव्यांचं अभयारण्य झालं. परंपरा कुठून कुठे वळू शकते याचं याहून जवळचं उदाहरण मला माहीत नाही.

पारधीतले नियम जुन्या माणसांना विचारा. आमचे एक आजोबा सांगायचे, गाभण मादीवर बार टाकायचा नाही, आणि जखमी जनावर टाकून घरी यायचं नाही. रात्र झाली तरी माग काढायचा. आजच्या व्हिडिओतल्या पोरांनी यातला एकही नियम ऐकलेला नाही. सणाला होळी आहे, पालखी आहे, गावकरी आहे. बंगालच्या पुरुलिया, झाडग्राम भागातल्या शिकार उत्सवांबाबत २०१९ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने, एकही वन्यप्राणी मारला जाऊ नये, असं प्रशासनाला बजावलं. सण बंद करा असं कोणी म्हटलं नाही.

शिकार तर पारधी करतात. त्यांना का धरत नाही?

धरतात. नेहमी त्यांनाच धरतात, आणि हा अन्याय आहे. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. पारध्यांवरही तो बसला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का राहिला. फासेपारध्याचा फास हा पोटाचा धंदा होता. १९७२ नंतर तो कायद्याने बंद झाला आणि बदल्यात ना जमीन मिळाली ना काम. पालावर पाखराची दोन पिसं सापडली की बाप तुरुंगात, आणि लाखाची ग्रेहाउंड पाळणारा व्हिडिओवर स्वतःचं नाव टाकून मोकळा. कायदा सुधारायचा म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे हा दुसरा माणूस असतो. पोटासाठी तित्तर धरणाऱ्याला आणखी चार वर्षं आत घालणारा बदल मला नको आहे.

इतर देशांत याला परवानगी आहे ना? इंग्लंडमध्ये तर घोड्यावरून कोल्हे मारतात.

इंग्रजांनी तो खेळ इकडेही आणला होता. उटीला कोल्ह्यांमागे शिकारी कुत्री आणि घोडे सुटत, आणि सपाट रानात घोड्यावरून भाल्याने डुक्कर मारणं हा गोऱ्या अधिकाऱ्यांचा आवडता खेळ होता. त्यांच्याच देशात मात्र २००४ मध्ये कायदा होऊन १८ फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांनी शिकार बंद झाली. सशांवर ग्रेहाउंड सोडण्याची ‘वॉटर्लू कप’ नावाची स्पर्धा १८३६ पासून चालत आली होती. ती २००५ मध्ये शेवटची झाली. त्याआधी २००० साली सरकारने लॉर्ड बर्न्स यांच्या समितीकडून चौकशी करून घेतली. अशा पाठलागात प्राण्याच्या स्वास्थ्याला गंभीर बाधा येते, असं तिने नोंदवलं.

तिकडून आपण दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, पळवाट. तिथले शिकारी म्हणायला लागले, आम्ही आधी टाकलेल्या वासाचा माग काढतो, मध्येच खरा कोल्हा आला तर आमचा दोष काय? जवळपास वीस वर्षं हे चाललं. स्कॉटलंडने २०२३ च्या नव्या कायद्यात ही वाट बंद केली. दुसरी, तयारीचा गुन्हा. २०२२ मध्ये इंग्लंड-वेल्सने सशांच्या शिकारीपुरती शिक्षा वाढवली, ६ महिन्यांपर्यंत कैद आणि कितीही दंड. शिवाय सशामागे कुत्रं सोडायच्या इराद्याने दुसऱ्याच्या रानात शिरणं हाच गुन्हा ठरवला, दोषीला कुत्रं पाळायला बंदी करायचा अधिकार कोर्टाला दिला, आणि जप्त कुत्र्याच्या खाण्याचा खर्चही त्याच्याकडून घ्यायची सोय केली. शेतकऱ्यांनीच ही मागणी लावून धरली होती, कारण गाड्या त्यांच्या पिकातून जायच्या. आयर्लंडमध्ये तोंडाला मुसकी बांधलेल्या ग्रेहाउंडच्या सशांमागच्या शर्यती आजही कायदेशीर आहेत, तेव्हा सगळं जग पुढे गेलं असं नाही.

मग आपल्या कायद्यात नेमकं काय बदलावं असं तुम्हाला वाटतं?

सगळ्यात आधी १९६० च्या कायद्यातला तो ५० रुपयांचा दंड. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लीकट्टू आणि बैलांच्या शर्यतींच्या निकालात, संसदेने या कायद्यातली शिक्षा वाढवावी, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला, त्यात कैदेची आणि मोठ्या दंडाची तरतूद होती. दंडाचा आकडा अजून तोच आहे.

दुसरं, करमणुकीसाठी प्राण्यावर प्राणी सोडणं दखलपात्र करा आणि तक्रारीची मुदत वाढवा. तिसरं, वन्यजीव कायद्यात मारण्याच्या पद्धतीला वजन द्या. कुत्री, फास, स्फोटक किंवा वीज वापरली तर शिक्षेची खालची मर्यादा वेगळी हवी, म्हणजे दंड भरून सुटता येणार नाही. फासक्यांची जुडी किंवा बॉम्बचे गोळे बाळगणं हाच गुन्हा ठरावा. प्रसिद्धीसाठी शिकारीचं चित्रण करून टाकणाऱ्यालाही जबाबदार धरा, कारण आज शिकार बहुतेक त्याचसाठी होते. दोषी माणसाचं कुत्रं काढून घ्यायचा अधिकार १९६० च्या कायद्याच्या कलम २९ मध्ये कोर्टाला आहेच. पण ते कुत्रं ठेवायचं कुठे, याची सोय नसल्याने मी तरी तो वापरलेला पाहिला नाही. आणि पीक नुकसानीची भरपाई मुदतीत मिळालीच पाहिजे, नाहीतर शेतकरी या कायद्याच्या बाजूने कधीच उभा राहणार नाही. मला विचाराल तर हा शेवटचा मुद्दा सगळ्यांत मोठा आहे.

हे सगळं दिल्लीच्या हातात. महाराष्ट्र काय करणार?

बैलगाडा शर्यती आठवा. केंद्राच्या याच १९६० च्या कायद्यात महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये राज्यापुरती दुरुस्ती केली. प्राण्यांवरील क्रूरता आणि वन्यजीव हे विषय समवर्ती सूचीत आहेत, त्यामुळे राष्ट्रपतींची संमती घेऊन राज्याला हे करता येतं. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. त्याच दुरुस्तीत शर्यतीच्या बैलाला इजा करणाऱ्यासाठी ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे.

म्हणजे शर्यतीतल्या बैलाला दुखावलं तर ५ लाख, आणि मजेसाठी सशावर कुत्री सोडली तर १९६० च्या कायद्याने ५० रुपये. कायदा तोच, राज्य तेच. शर्यतींसाठी सगळ्या पक्षांचे आमदार एक झाले होते. तुमच्या आमदारांना भेटाल तेव्हा हे दोन आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहून न्या. मी तसंच करतो.

व्हिडिओ दिसला किंवा समोर शिकार चालू असेल तर काय करू?

समोर चालू असेल तर मध्ये पडू नका. त्यांच्याकडे कोयते असतात आणि कुत्री तापलेली असतात. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा, गावाचं नाव, गट नंबर किंवा जवळची खूण, गाडीचा नंबर सांगा. वनअधिकाऱ्यांप्रमाणेच फौजदार आणि त्यावरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यालाही वन्यजीव कायद्याखाली झडती आणि जप्तीचे अधिकार आहेत, तेव्हा ‘हे वनखात्याचं काम’ हे उत्तर ऐकून फोन ठेवू नका. गाडी आणि हत्यारं जप्त होऊ शकतात. दोषी ठरलेल्याचा बंदुकीचा परवानाही कोर्ट रद्द करू शकतं, आणि मग तो ५ वर्षं मिळत नाही.

व्हिडिओ असेल तर तो पुढे पाठवून निषेध करू नका. त्यांना तेच हवं असतं. लिंक, खात्याचं नाव, तारीख टिपून ठेवा, स्क्रीन रेकॉर्ड करा आणि मूळ फाइल तशीच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली प्रत कोर्टात कमी पडते; इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. मेलेलं जनावर, रक्त, केस दिसले तर हात लावू नका.

कोणीच दाद घेतली नाही तर वन्यजीव कायद्याच्या कलम ५५ खाली कोणीही नागरिक ६० दिवसांची नोटीस देऊन थेट न्यायालयात तक्रार करू शकतो.

माझं नाव फुटलं तर? मला गावातच राहायचं आहे.

ही भीती खरी आहे. माझ्याही घरावर एका रात्री दगड आले होते. एकट्याने जाऊ नका. मानद वन्यजीव रक्षक किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या प्राणिमित्र संस्थेमार्फत तक्रार करा. ग्रामसभेत व्यक्तीचं नाव न घेता, ‘बाहेरच्या गाड्या शिवारात कुत्री घेऊन शिरणार नाहीत’ असा ठराव आणा. बायका अशा ठरावाला हमखास हात वर करतात, हा माझा अनुभव.

माझ्याकडे शिकारीचं कारवान आहे. मी सोडलं हे सगळं. आता त्याचं काय करू?

विकू नका, विकलं तर ते पुढच्या पिकअपमध्येच जाईल. लसी पूर्ण करून घ्या, नसबंदी करा. पहाटे लांब दोरीवर रस्त्याने पळवा, सायकल असेल तर उत्तम. पहिले दोन-तीन महिने ससा दिसला की ते दोरी ओढणार, हाताला घट्टे पडतील. उन्हाळ्यात दिवसाउजेडी पळवू नका.

आमच्या शेजारच्या वस्तीवर एका मेंढपाळाने असंच एक आणलं. बरगडीवर डुकराच्या सुळ्याचा वीतभर व्रण आहे, तिथे केस उगवत नाहीत. परवा गेलो तेव्हा ते बाभळीखाली कोकरांच्या मध्ये झोपलं होतं, आणि एक कोकरू त्याच्या पाठीवर हनुवटी टेकून रवंथ करत होतं.